दिवाणजींचे दोन शब्द

केशवराव दिवाणजी गेल्याचं मला शाळेत कळलं. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेते. मधली सुट्टी संपून मुली नुकत्या पाट्या काढून बसल्या होत्या, तेवढ्यात कामशेतच्या भातगिरणीतला विठू हमाल दाराशी येऊन उभा राहिला. डोक्याचं मुंडासं काढून त्यानं हातात धरलं होतं. "बाई, दिवाणजी गेलं. सकाळी आंगुळ करून वसरीला बसलं व्हतं, तितंच..." एवढंच तो बोलला. मी मोठ्या बाईंना सांगून निघाले, दुपारची गाडी धरली आणि कामशेतला उतरून थेट त्यांच्या घरी गेले. तोवर पुरुषमंडळी नदीवर गेली होती. माजघरात दिवाणजींच्या पत्नी राधाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, भोवती शेजारपाजारच्या बायका होत्या, आणि त्या बायकांत माझी आई बसली होती.

आईला तिथं पाहून मी उंबऱ्यातच थबकले. वडिवळ्याहून ती चालत आली असणार, पायांवर धूळ होती. पण नवल तिच्या चालत येण्याचं नव्हतं. गेल्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत माझी आई त्या घराची पायरी चढली नव्हती, आणि दिवाणजींशी एक शब्दही बोलली नव्हती. मी त्यांच्या हाताखाली वाढले, माझ्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या, आबा... म्हणजे माझे वडील, त्यांना घरातलं माणूस मानत. आई मात्र ते आले की पदर पुढं ओढून आत जाई.

शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आल्या. काकूंचे हात पुढं घेतले गेले. तेव्हा आई उठली आणि काकूंच्या समोर जाऊन बसली. "फोडू नगा," ती म्हणाली, "त्याल द्या थोडं. मी काडते." कुणीतरी वाटीत तेल आणून दिलं. आईनं काकूंच्या मनगटांना, मग पंजाला, अंगठ्याच्या मुळाशी तेल चोळलं आणि एकेक बांगडी हळूहळू सरकवत बाहेर काढली. आठ हिरव्या बांगड्या होत्या. एकही पिचली नाही. त्या सगळ्या तिनं काकूंच्याच ओंजळीत ठेवल्या. "तुमच्या हायेत. कुटं ठेवायच्या तितं ठेवा." काकूंना तोवर रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

तीन वर्षांपूर्वी आबा गेले तेव्हाही आईनं कुणाला हात लावू दिला नव्हता; आपल्या बांगड्या तिनं अशाच तेल लावून आपल्या हातानं उतरवल्या होत्या. त्याचं कारण तिच्या डाव्या मनगटावर आहे. तिथं बोटाच्या पेराएवढा पांढरा वण आहे. लहानपणी मी त्यावर बोट फिरवून विचारायची, हे काय गं? ती म्हणायची, "तुज्या आबाचं सुतक."

हे सांगायचं तर माझ्या जन्माच्या मागं जावं लागतं. माझी आई पाच महिने विधवा होती, आणि त्यानंतर मी जन्मले.

पहिल्या लढाईत मावळातली बरीच माणसं पलटणीत गेली. आबा खेचरं हाकायला म्हणून भरती झाले आणि बसऱ्याकडे गेले. घरी माझी आजी, चुलते आणि आई. आईचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. मार्गशीर्षात एक इंग्रजी कागद आला. वडिवळ्यात तो वाचणारं कुणी नव्हतं. भाताची गाडी गिरणीवर जायचीच होती, म्हणून आजी तो कागद कनवटीला लावून गाडीत बसून कामशेतला गेली.

दिवाणजी तेव्हा पस्तिशीचे असतील. उंच, सडपातळ, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट आणि काळी टोपी. पुण्याला इंग्रजी चौथीपर्यंत शिकले आणि वडील वारल्यामुळे शाळा सोडून गिरणीत लागले. गिरणीचं इंजिन मुंबईच्या कंपनीचं होतं, त्याचे सुटे भाग मागवायला इंग्रजीत पत्रं लिहावी लागत. तेवढ्यासाठी मालकांनी त्यांना ठेवलं होतं. पण आसपासच्या गावांत इंग्रजी कागद वाचणारा दुसरा कुणी नसल्यानं समन्स असो, औषधाची चिठ्ठी असो, पलटणीचा कागद असो, सगळं त्यांच्याकडे यायचं. ते कुणाला नाही म्हणत नसत आणि, हे त्यांनीच मला पुढं सांगितलं, आपल्याला येत नाही असंही म्हणत नसत.

त्या दिवशी गिरणीत गर्दी होती, इंजिन धडधडत होतं. दिवाणजींनी उभ्या उभ्या कागद उघडला. पहिल्या ओळीत नंबर, आबांचं नाव आणि पुढं एक शब्द. तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता. मालकांचे भाऊ वारले तेव्हा वारसाच्या कागदांत त्यांनी तो पंचवीस वेळा नकलून काढला होता. डिसीस्ड, म्हणजे मयत. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आजी... सखाराम गेला." आजी तिथंच भाताच्या पोत्यांवर बसली आणि तिनं टाहो फोडला. माणसं धावली, इंजिन बंद झालं, कुणी पाणी आणलं. त्या गडबडीत दिवाणजींनी कागदाची घडी घालून आजीच्या हातात दिली. खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचायच्या राहिल्या.

घरी पुढं जे व्हायचं ते झालं. आईचे हात जात्यावर धरून बांगड्या दगडानं फोडल्या, एक काच मनगटात शिरली. दहावा, तेरावा झाला. चुलत्यांनी आपलं डोकं भादरून घेतलं. आई तेव्हा सतरा वर्षांची होती.

वैशाखात कामशेतच्या बाजारात रोगाच्या साथीबद्दल सरकारी जाहीरनामा लागला, एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला मराठी. दिवाणजी सवयीनं इंग्रजी वाचायला लागले. वाचता वाचता तो शब्द आला, आणि त्यांना वाटलं, हे काय, मेलेल्या माणसांनी वेगळ्या खोलीत राहावं? त्यांनी शेजारचं मराठी पाहिलं. तिथं लिहिलं होतं, रोगी माणसांनी. पुन्हा इंग्रजी पाहिलं. शब्द तसाच दिसत होता, पण तोच नव्हता. मयताच्या शब्दात डी-च्या पुढं ई आणि सी येतात. ह्याच्यात आय आणि एस होते. बाकी सगळी अक्षरं सारखी. आपल्या तोंडी तर दोन्ही एकच होतात. आजवर दोन शब्द आहेत हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी मोठी झाल्यावर. "ताटावर बसलो आणि उठलो. तुमच्या कागदात कुठला शब्द होता ते काही केल्या आठवेना. वाटायचं, बरोबरच वाचलं असेल. मग उगाच जाऊन त्या घराची जखम उकरायची कशाला? आणि नाही गेलो, तर जगात कुणालाही कळणार नव्हतं..." दुसऱ्या दिवशी सकाळी ते वडिवळ्याला चालत गेले.

आजीनं तो कागद देवाच्या फळीवर ठेवला होता. दिवाणजींनी तो ओसरीवर बसून वाचला, या खेपेला शेवटपर्यंत. खालच्या दोन ओळींत लिहिलं होतं की त्याला इस्पितळात हलवलं आहे आणि बरा झाल्यावर रजेवर पाठवण्यात येईल. ते उठले आणि आजीच्या पुढं जमिनीवर बसले.

"आजी, मी चुकलो. सखाराम आजारी आहे असं यात लिहिलंय. गेला असं नाही."

आजीला आधी कळेचना. "म्हंजी... जित्ता हाय?"

"कागद आला तेव्हा होता. आज आहे की नाही, ते मला माहीत नाही."

माझ्या चुलत्यांनी दारामागची काठी उचलली. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी भावाला पाणी सोडलं होतं. दिवाणजी हलले नाहीत. आजीच मध्ये पडली. "मारून काय हुतंय? खाली ठेव ती. दिवाणजी, आदी कागूद लिवा. कुटं हाय त्यो, इचारा." तिथंच बसून त्यांनी पत्र लिहिलं आणि परत जाताना टपालात टाकलं.

आई सगळं दाराआडून ऐकत होती. आजी तिला म्हणाली, "पोरी, कुंकू लाव." आई म्हणाली, "न्हाई. त्यांचं उत्तर येऊंद्या. एकदा पुसलंय, दुसऱ्यांदा पुसायचं बळ न्हाई मला." उत्तर यायला महिना लागला. तेवढे दिवस नवरा आहे का नाही हे ठाऊक नसताना ती तशीच पांढऱ्या कपाळानं शेतात राबली. मला नेहमी वाटत आलं आहे की पहिल्या पाच महिन्यांपेक्षा तिला तो एक महिना जड गेला असेल. उत्तर आलं ते दिवाणजी स्वतः घेऊन आले, आणि ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच ओरडले, "आहे! सखाराम आहे!"

आबा लावणीच्या दिवसांत घरी आले. हिवतापानं आणि पोटाच्या दुखण्यानं माणूस निम्मा झाला होता. एका इस्पितळातून दुसऱ्यात असं त्यांना सहा महिने फिरवलं होतं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं एक कार्ड घरी पोचलंच नव्हतं. आपलं तेरावं झाल्याचं त्यांना घरी कळलं. पुढच्या आठवडी बाजाराला ते गिरणीवर गेले. हमालांनी कामं थांबवली, मालकही बाहेर येऊन उभे राहिले. आबा दिवाणजींच्या बैठकीपाशी गेले आणि म्हणाले, "त्यो शबूद दावा मला."

दिवाणजींनी कागदावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. आबांना मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. त्यांनी एका शब्दावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. "फरक कुटं हाय?" दिवाणजींनी दाखवला. "एवढाच?" "एवढाच. दोन अक्षरं." आबा हसायला लागले ते खोकल्याची उबळ येईपर्यंत. मग म्हणाले, "माज्या घरात एकाला तरी ह्यो फरक कळला पायजे, दिवाणजी. पोरं हुतील तवा तुमी शिकवायचं." पुढच्या वर्षी मी झाले. मुलगी झाली म्हणून आबांनी शब्द फिरवला नाही. सातव्या वर्षी मला त्यांनी कामशेतला आत्याकडे ठेवलं, शाळेत घातलं, आणि शाळा सुटली की गिरणीवर जायचं असा नेम घालून दिला. आईनं याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तोवर दिवाणजी बदलले होते. पुण्याहून त्यांनी जुना जाडजूड शब्दकोश आणवला होता. मराठीत बोलतो तसंच लिहितो, इंग्रजीत बोलण्यावर विसंबायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. रद्दी बिलांच्या पाठीवर ते शब्द लिहायचे, तळव्यानं झाकायचे आणि म्हणायचे, "बोल." मी अक्षरं म्हणायची. मग तळवा उचलायचा. रिसीव्हमध्ये सी-च्या मागून ई आधी आणि आय नंतर, बिलीव्हमध्ये उलटं. सेपरेटच्या पोटात ए आहे, ई नाही. वेन्सडेतला डी ऐकू येत नाही, पण तो तिथं असतोच. स्टेशनरी दोन असतात, एक कागद-दौतीची आणि एक जागच्या जागी उभी राहणारी. चुकलं की ते रागवत नसत. त्या चुकीनं काय होईल ते सांगत. लूज लिहिताना हरवणं आणि सैल असणं यांत एका ओ-चा फरक, तर तुझं वासरू हरवलं असं लिहायचं असताना ते सैल आहे असं लिहिशील, आणि वाचणारा म्हणेल, मग दाव्याला बांध की!

या नादापायी ते कधी कधी अति करत. मुंबईच्या इंजिन कंपनीकडून पत्र आलं, तुमचं पत्र मिळालं म्हणून. त्यात रिसीव्हच चुकलेलं. दिवाणजींनी त्याखाली तांबडी रेघ मारून पत्र परत पाठवलं. कंपनीतल्या कारकुनाला राग आला असावा; इंजिनाचा भाग ऐन हंगामात बारा दिवस उशिरा आला आणि मालकांनी सगळ्या गिरणीसमोर दिवाणजींची हजेरी घेतली. एकदा मालाचे नमुने पोचवायला लोणावळ्याला निघाले होते, तेव्हा मलाही बरोबर नेलं. मी नऊ वर्षांची होते. टेकडीवरच्या एका बंगल्याच्या फाटकावर इंग्रजी पाटी होती. दिवाणजी ती वाचून थांबले, मला म्हणाले, "वाच." बंगला भाड्यानं देणे आहे असं लिहायचं होतं, पण लेटमध्ये ई-च्या जागी ए आणि शेवटी एक ई जास्तीचा पडला होता. "म्हणजे काय झालं?" मी म्हटलं, "उशीर झाला." ते फाटक उघडून आत गेले. व्हरांड्यात बसलेल्या गृहस्थांना त्यांनी टोपी काढून चूक सांगितली. त्या गृहस्थांनी माळ्याला हाक मारली आणि आम्हांला बाहेर काढलं. दिवाणजींचे कान लाल झाले होते. दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या रस्त्यानं गेलो तर पाटी नव्यानं रंगवलेली आणि बरोबर. त्यांनी मला चार पैशांची चिक्की घेऊन दिली.

मी पुढं परीक्षा दिल्या, मास्तरीण झाले, लग्न होऊन लोणावळ्याला राहायला आले. दुसरी लढाई सुरू झाली आणि पलटणीचे कागद पुन्हा मावळात यायला लागले. दिवाणजींची दृष्टी अधू झाली होती, तरी माणसं त्यांच्याकडेच यायची. एका रविवारी मी काकूंना भेटायला गेले होते. गिरणीवरून विठू बोलवायला आला. गेले तर वडिवळ्याची तान्हूबाई खाली बसलेली. तिचा एकुलता मुलगा पलटणीत होता. दिवाणजींच्या मांडीवर कागद होता. त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि इंग्रजीत, तान्हूबाईला कळू नये म्हणून, म्हणाले, तिसऱ्या ओळीतला शब्द वाच.

मी वाचला. त्यांना मान हलवून सांगितलं.

"नीट बघ. दुसरं अक्षर?"

"ई."

"तिसरं?"

"सी, काका."

"शाई पसरली असेल. एस नसेल?"

मी कागद उजेडात नेला. ठसा स्वच्छ होता. खालची ओळही वाचली, कुठं आणि कधी ते त्यात होतं. "सी आहे," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं सुधारणारा तो माणूस त्या घटकेला एक अक्षर चुकीचं निघावं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होता... मग त्यांनी चष्मा परत घातला, तान्हूबाईजवळ जाऊन बसले, तिचा हात हातात घेतला आणि तिला सांगितलं. तिला एकटीला पाठवलं नाही. त्या वयात ते तिच्याबरोबर वडिवळ्यापर्यंत चालले, मी मागं होते. तिच्या घरी माणसं जमेपर्यंत ते अंगणात उभे राहिले. तेव्हा माझी आई आमच्या घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो तिनं त्यांच्या हातात दिला. बोलली नाही. त्यांनी पाणी पिऊन तांब्या तिच्यासमोर खाली ठेवला.

दिवाणजी गेले त्या दिवशी काकूंकडून परतताना मी आईला विचारलं, आयुष्यभर बोलली नाहीस, मग आज का आलीस? ती म्हणाली, "राग व्हता. लय व्हता. पर त्यो मानूस सोताहून आलता सांगाया. नसता आला तर मी बसलीच असती तशी, आबा येईस्तवर. येवढं मला कळत व्हतं. बोलायला मातुर जमलं न्हाई." थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, "जमाया पायजे व्हतं."

दिवाणजींची एक सवय सांगायची राहिली. वडिवळ्याच्या त्या सकाळनंतर त्यांनी कुठलाही कागद वाचताना डावा हात तोंडावर धरला. मजकूर मराठी असो वा इंग्रजी, पोस्टकार्ड असो वा खटल्याचा कागद, शेवटच्या ओळीतली सही वाचून झाल्याशिवाय तो हात खाली येत नसे. लोक ताटकळत. कुणी म्हणे, दिवाणजी, काय लिवलंय त्ये तरी सांगा! ते डोळ्यांनीच थांब म्हणत. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचे दात दुखताहेत.

त्यांना जाऊन आता सहा आठवडे होतील. गेल्या रविवारी आई माझ्याकडे लोणावळ्याला आली होती. माझा धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला आहे, त्याचं पत्र दुपारच्या टपालानं आलं. दोन महिन्यांत त्याची खबर नव्हती. मी पाकीट फोडून खिडकीशी उभी राहून वाचायला लागले. चार पानी पत्र होतं. दुसऱ्या पानावर पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई माझ्याकडे बघते आहे. तिची नजर माझ्या डाव्या हातावर होती. मी हात खाली घेतला आणि म्हटलं, "सांगते हं, बरा आहे तो, आधी..."

"ऱ्हाऊंदे," आई म्हणाली. तिनं पाट ओढून घेतला आणि भिंतीला टेकून बसली. "पुरं वाच आदी. मी हाय बसलेली."